ड्रममधला वाघ्या घेवडा : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज, सासरवाडी देऊर)

काम ठरलं. २६ जानेवारीला मामांची, म्हणजे सासऱ्यांची, पंचाहत्तरी. मेहुण्याला बार्बेक्यू करायचंय. ड्रम मी बनवायचा, कोंबडी तो आणणार. माणसं चाळीस. त्यातली निम्मी माळकरी, मामा स्वतः धरून. त्यांच्या ताटात काय वाढायचं म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मेहुणा म्हणाला, कणसं आणि रताळी भाजू. मामी म्हणाल्या, "पंचाहत्तरीला रताळं? एकादशी हाय का त्या दिवशी?"

मग मेहुण्यानं पिशवीतून पुण्याहून आणलेला बेक्ड बीन्सचा डबा काढला. अमेरिकेत कोंबडीशेजारी हेच वाढतात म्हणे. डबा फोडला. पांढरे बारके दाणे, केशरी रस. प्रत्येकानं चमचाभर खाल्लं. मामींचा निकाल: "घेवड्याला टोमॅटोच्या पाण्यात बुडवून ठेवलाय. त्याला शिजवला कुणी, आन फोडणी इसरला कुणी?"

डब्यातला बीन नावालाच बेक्ड असतो. डब्यात भरून, झाकण बंद करून वाफेवर शिजवतात. त्याला ना भट्टी लागते ना धूर. त्यामुळं त्या डब्यावरून मत बनवायचं नाही असं मी ठरवलं. मूळ पदार्थ वेगळा आहे: सुका दाणा, उसाच्या रसाची काळी मळी, मोहरी, कांदा, चरबी, आणि मंद आचेवर बरेच तास. यातलं चरबी सोडून सगळं आपल्या तालुक्यात मिळतं. घेवडा तर मामांच्या रानातलाच आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

ड्रम झाला. दोनशे लिटरचा, उभा चिरलेला, मागं तीन बिजागऱ्या, खाली कोळशाची जाळी, वर भाजायची जाळी. जाळी साध्या सळईचीच घेतली. जीआय, म्हणजे जस्त चढवलेली, जाळी स्वस्त पडत होती, पण तापली की जस्ताचा धूर होतो, तो खाण्यावर बसू नये. आतला रंग दोन वेळा जाळ करून उडवला. झाकणावर तापमानाची डायल बसवली. ड्रमवर यापेक्षा जास्त लिहीत नाही, टूलरूमच्या माणसानं ड्रमचं कौतुक करायचं नसतं.

माल: मामांचा वाघ्या घेवडा पंधरा किलो. यंदाचाच, सप्टेंबरात निघालेला. दाणा तळहातावर घेतला की फिकट गुलाबी, त्यावर तांबड्या-जांभळट रेघा, कुठं अखंड, कुठं तुटक. त्या पट्ट्यांवरून वाघ्या. उत्तर कोरेगावचं हे खरिपाचं पीक, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शिजला की पट्टे जातात आणि सगळा दाणा एकसारखा तपकिरी होतो. वाघाचं मांजर होतं ते तिथं.

गंमत म्हणजे हा घेवडा, राजमा, श्रावणघेवडा आणि तो डब्यातला पांढरा बीन, सगळी एकाच जातीची भावंडं. मूळ गाव अमेरिका खंड. म्हणजे आपण परदेशी पदार्थ करतोय की परदेशातून आलेला दाणा त्याच्या जुन्या कपड्यात घालतोय, हा प्रश्नच आहे. मामींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या आजेसासूपासनं हाय रानात."

१० नोव्हेंबर, रविवार. चाचणी १

अर्धा किलो घेवडा रात्री भिजवला. सकाळी बिडाच्या कढईत भिजलेला घेवडा, चिरलेला टोमॅटो, कांदा, दुकानातली काकवी, मीठ, पाणी, सगळं एकदम. ड्रममध्ये दहा ते चार. डायलवर ११० अंश. सहा तास म्हणजे घेवड्याचं पीठ होणार अशी माझी खात्री.

चार वाजता रस्सा काळा कुळकुळीत, चवीला खिळा चोखल्यासारखा. टोमॅटोच्या आंबटानं बिडाचं लोखंड सोडवून घेतलं होतं. आणि दाणा? बाहेरून गुळगुळीत, चावला की आत खडू. मी वाटीभर खाल्ला, कारण सहा तास दिल्यावर माणूस खातोच. बायकोनं वास घेऊन वाटी खाली ठेवली.

रात्री साडेदहाला पोटात कालवलं. उलटी, मग आणखी एक, मग मोजणं सोडलं. पहाटेपर्यंत निवळलं. बायको म्हणाली, "अहो, मामांच्या पंचाहत्तरीला वीस माळकऱ्यांना हेच देणार होता का?"

१३ नोव्हेंबर, बुधवार

दोन चुका सापडल्या. पोटाची आधी.

राजम्याच्या कुळातल्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणे खाल्ले तरी उलट्या होऊ शकतात, काही तासांत. खळखळून उकळलं की ते मरतं. पण मंद आचेवर, ऐंशी अंशांच्या आसपास घोळवत ठेवलं तर मरत नाही, उलट कच्च्यापेक्षा जास्त बाधतं. आपल्याकडं हे कुणाला माहीत नाही, कारण आपण घेवडा कुकरला लावतो. चार शिट्ट्यांत विषयच संपतो. कुकर टाळून शहाणपणा केला तो मी.

पण ड्रम तर ११० अंशांवर होता? कारखान्यातून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आणलं आणि आज नुसतं पाणी कढईत घालून तपासलं. ड्रमची हवा ११२, पाणी ८२. उघड्या कढईतून वाफ जाते, ती उष्णता घेऊनच जाते, पाणी तिथंच अडकून राहतं. डायल हवेचं तापमान दाखवते, कढईतल्या पाण्याचं नाही. वीस वर्षं भट्टीवर काम करून हे मला घेवड्यानं शिकवलं, याचा थोडा रागच आला.

आता नियम असा. किमान आठ तास भिजवणं. भिजवणीचं पाणी फेकून देणं. नव्या पाण्यात जोरात उकळी. दहा मिनिटं पुरतात म्हणतात, मी अर्धा तास धरलाय. मग दाणा दोन बोटांत विनासायास चेपेपर्यंत शिजवणं. ड्रम त्यानंतर.

दुसरी चूक कडकपणाची. दाण्यातल्या पेशींच्या भिंती पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. नुसत्या पाण्यात ते विरघळतं आणि दाणा मऊ पडतो. आंबट घातलं की पेक्टिन विरघळायला नकार देतं. काकवीत आंबटही असतं आणि कॅल्शियमही, ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. थोडक्यात टोमॅटो आणि काकवी सुरुवातीला घालून मी दाण्याला बाहेरून कुलूप लावलं आणि आत शिजायला सांगितलं.

मामींना फोनवर सांगितलं. पलीकडून: "दाजीबा, चिंच घेवडा शिजल्याबिगर घालत्यात व्हय कुणी?"

त्यांना पेक्टिन माहीत नाही. गरजही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. चाचणी २ (फक्त पाणी)

देऊरच्या बोअरचं पाणी जड आहे, किटलीत महिन्याभरात पांढरा थर धरतो. साताऱ्यात माझ्याकडं नळाला कासचं पाणी. दोन्हीकडचं पाणी घेऊन दोन सारख्या पातेल्यांत, सारख्या गॅसवर, पाव-पाव किलो घेवडा. झाकण ठेवून, कुकर नाही.

कासच्या पाण्यातला एक तास दहा मिनिटांत चेपला. बोअरच्या पाण्यातल्याला एक तास पस्तीस. जड पाण्यात कॅल्शियम, म्हणजे तीच कुलपाची गोष्ट, फक्त गुपचूप.

तिसऱ्या पातेल्यात बोअरचंच पाणी, पण भिजवताना लिटरला दीड चमचा मीठ. एक तास पंधरा. आणि सालं फुटली नाहीत, हे जास्त महत्त्वाचं. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं ऐकत मोठा झालो. भिजवणीत तरी ते उलटं निघालं.

चौथ्यात चिमूटभर सोडा. पंचेचाळीस मिनिटांत लगदा, वर साबणाची चव. सोडा बाद.

३० नोव्हेंबर, शनिवार. काकवी

दुकानातली काकवी पातळ आणि नुसती गोड. सुट्टी टाकून कऱ्हाडकडं एका गुऱ्हाळावर गेलो.

आधी शब्दाचा घोळ. अमेरिकन कृतीत मोलॅसिस लिहितात, आणि आपण त्याला मळी म्हणतो. पण साताऱ्या-सांगलीत मळी म्हणजे साखर कारखान्याच्या टाकीतला काळा चिकट द्रव, जो डिस्टिलरीला जातो. रस गंधक आणि चुना देऊन स्वच्छ केलेला असतो, साखर काढून घेतल्यावर उरतं ते हे. खायचं नाही. आणि गुऱ्हाळावर मळी म्हणजे तिसरंच, रस तापला की वर येणारा हिरवट-काळा फेस, जो झाऱ्यानं काढून टाकतात. एक शब्द, तीन पदार्थ, आणि आपल्याला हवी ती यातली एकही नाही.

आपल्याला काकवी. ती उरलेली नसते, अख्खा रस आटवलेला असतो. काहिलीखाली चिपाडांचा जाळ, रसात रानभेंडीचा चिकट, मळी काढली की रस तांबूस सोनेरी होतो. १०५-१०६ अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी, तसाच ११८ पर्यंत नेला तर गूळ. गुळव्याकडं थर्मामीटर नव्हतं. त्यानं फावड्याच्या कडेवरून ओघळणारी धार बघितली आणि मला म्हणाला, "आता घ्या." मी खिशातलं माझं थर्मामीटर बाहेर काढलंच नाही.

त्याला म्हटलं, मला जरा काळी हवी, कडवट. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी जळका गूळ मागितला. एक प्रकारे तेच मागत होतो. शेवटी पाच किलो नेहमीची घेतली. घरी आल्यावर त्यातली एक किलो जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून गडद केली. दोन मिनिटं जास्त झाली असती तर चिक्की झाली असती.

८ डिसेंबर, रविवार. चाचणी ३

बिडाची कढई बाद. जर्मनचं पातेलंही नको, आंबटाला तेही सोसत नाही. अमेरिकेत बोस्टन नावाच्या गावात हा पदार्थ मातीच्या भांड्यात करायचे, पोट मोठं, तोंड अरुंद. म्हणजे आपलं गाडगंच. वाफ कमी जाते, माती हळू तापते आणि हळू निवते. कुंभाराकडून दोन आणली.

पहिलं थेट निखाऱ्याजवळच्या जाळीवर ठेवलं. वीस मिनिटांत टच्च असा आवाज आला आणि रस्सा कोळशात. दुसरं आधी रात्रभर पाण्यात, मग तांदळाच्या पेजेत उकळून घेतलं आणि थंड ड्रममध्ये ठेवून ड्रम त्याच्यासकट तापवला. टिकलं.

आधी शिजवलेला घेवडा, परतलेला कांदा, आटवलेला टोमॅटो, काकवी. चार तास. आणि इथं मला पहिल्यांदा पदार्थ कळला. दाणा शिजलेला होता, तरी चार तासांत फुटला नाही, लगदा झाला नाही, अख्खा राहिला आणि रस आत ओढत गेला. जे आंबट-गोड सुरुवातीला दाण्याला शिजू देत नव्हतं, तेच नंतर त्याला मोडू देत नाही. आपली उसळ चार तास चुलीवर ठेवली तर पिठलं होईल. म्हणून याला रात्रभर ठेवता येतं. सगळा खेळ कधी घालायचं याचा आहे.

चव मात्र शिऱ्यासारखी. काकवी अर्धा किलोला पाव किलो घातली होती. कृतीत कपाचं माप होतं, आणि कपाचा आकार मी माझ्या सोयीनं ठरवला होता.

१५ डिसेंबर, रविवार. चाचणी ४

काकवी किलोला तीनशे ग्रॅमवर आणली. गोडाला अडवायला मोहरी. बाटलीतली मोहरीची पेस्ट मिळते, पण ती पिवळी आणि व्हिनेगरची. त्यापेक्षा घरची फेसलेली मोहरी. डाळ थोड्या पाण्यात, नाकात झिणझिण्या येईपर्यंत पाट्यावर फेसली. निम्मी सुरुवातीला घातली, निम्मी काढायच्या अर्धा तास आधी, कारण मोहरीचा तिखटपणा आचेवर उडून जातो आणि मागं नुसती कडवट सावली राहते. ती सावलीही हवीच होती. मळीचा जो कडवटपणा काकवीत नाही, तो असा भरून निघाला.

आंबटाला टोमॅटो आणि शेवटी चिंचेचा कोळ. रंगाला ब्याडगी. तिकडं चरबी म्हणून डुकराचं मांस घालतात. मामांच्या गाडग्यात तो प्रश्नच नाही. शेंगतेल घालून बघितलं, वर तरंगलं, उसळीसारखी तर्री आली. तूप घातलं, रस्सा जड आणि गोल झाला. तूप, किलोला शंभर ग्रॅम.

बायकोनं दोनदा वाढून घेतलं. काही बोलली नाही. आमच्याकडं ही पावतीच.

२२ डिसेंबर, रविवार. धूर

मार्गशीर्ष, घरात कोंबडी शिजत नाही. त्यामुळं ड्रममध्ये एकटा घेवडा. तिकडं बीन्सचं भांडं मांसाच्या जाळीखाली ठेवतात, वरून टपकणारा रस त्यात पडतो. कोंबडी खाणाऱ्या पोरांच्या पातेल्यात तसं करू, पण कच्च्या कोंबडीचं पाणी पडणार म्हणजे ते नंतर खळखळून उकळलं पाहिजे, हे मेहुण्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर: अंगठा.

बाभळीचा कोळसा आचेला, आंब्याचं लाकूड धुराला. आज आंब्याच्या ओल्या फाट्या टाकल्या. पांढरा दाट धूर, डोळ्यांत पाणी, शेजारी खिडकीतून बघून गेले. घेवड्याला चव राखेची, जिभेवर डांबर. दुसऱ्या वेळी वाळलेल्या ढलप्या, मूठभरच, आणि झाकणाची भोकं पूर्ण उघडी. धूर पातळ, निळसर, जवळपास न दिसणारा. हाच बरोबर. दिसणारा धूर खायचा नसतो, असं लिहून ठेवतो.

गाडग्याची अडचण इथं कळली. अरुंद तोंड वाफ राखतं, पण धूरही आत जाऊ देत नाही. शेवटचा दीड तास घेवडा पसरट स्टीलच्या परातीत काढला. वर साय धरल्यासारखा चकचकीत गडद थर आला. तो मोडून आत ढवळला, परत थर आला, परत मोडला. तिसरा तसाच ठेवला. खरी चव त्या थरात आहे.

२९ डिसेंबर, रविवार (देऊर)

मामींसमोर पहिली परीक्षा. त्यांनी चव घेतली, भांड्याकडं बघितलं, आत गेल्या आणि कांदा-लसूण मसाल्याची बरणी घेऊन आल्या. मी म्हटलं, मामी, एक चमचा. त्यांनी एक चमचा घातला. चमचा वाढायचा होता.

झाली झणझणीत उसळ. चवीला उत्तम, मी तीन भाकरी खाल्ल्या. पण कोंबडीवर मसाला, घेवड्यावर मसाला, मग शेजारी ठेवून उपयोग काय? भाजलेल्या, खारट, तेलकट मांसाशेजारी गोड-आंबट काहीतरी हवं असतं, म्हणून तर हा पदार्थ तिथं जाऊन बसला. मामींना हे पटलं नाही. "गूळ आमटीत चवीपुरता. तुम्ही तर आमटीचं पक्वान्न करायलाय."

तडजोड: किलोला एक पोहे खायचा चमचा मसाला, तोही कांदा परततानाच. खरं सांगायचं तर त्या चमच्यानं पदार्थ सुधारला. ते मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार (भोगी)

आज घरात भोगीची भाजी. त्यात ओला घेवडा, पावटा, हरभरा, तीळ. प्रकल्पाला सुट्टी. कॅलेंडर मात्र चाळलं, आणि २५ जानेवारीवर बोट थांबलं. षट्तिला एकादशी. म्हणजे २६ ला बारस, माळकरी उपास सोडून पहिलं जेवण इथं जेवणार. मामींच्या रताळ्याच्या टोमण्यात एक दिवसाची चूक होती फक्त.

याची एक जुळणी बघून बरं वाटलं. बोस्टनच्या जुन्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, लोकांत रविवारी चूल पेटवायची नाही असा नेम होता. म्हणून शनिवारी बीन्सचं भांडं भट्टीत जायचं आणि रविवारीही गरम निघायचं. २५ तारीख शनिवार आहे. आपलंही भांडं शनिवारी रात्रीच चढणार. त्यांचा रविवारचा सब्बाथ, आपली एकादशी, दोन्हीकडं घेवडा रात्रभर जागा.

१५ जानेवारी, बुधवार (किंक्रांत)

आजच्याच तारखेला, १९१९ साली, बोस्टनमध्ये मळीची प्रचंड टाकी फुटली होती. ८० लाख लिटरच्या वर मळी रस्त्यावर, घरांएवढी लाट, २१ माणसं गेली. आपल्या कारखान्यांच्या टाक्या शेजारून जाताना मी आता जरा वर बघतो. बाकी आज काम नाही, करीचा दिवस आहे, मामींनी नवीन काही सुरू करायला मनाई केली आहे.

१९ जानेवारी, रविवार. मोठं माप

तीन किलो सुका घेवडा, शिजून सात किलोच्या आसपास. चाळीस माणसांना पुरेल. एका मोठ्या पातेल्यात सगळं घालून बघितलं आणि वाया गेलं. वाया म्हणजे खाल्लं सगळ्यांनी, पण तो पदार्थ नव्हता. पातेलं खोल, वरचा पृष्ठभाग तेवढाच, वाफ जायला जागा नाही. सहा तासांनंतरही पाणचट. वर थर, खाली आमटी. माप तिप्पट केलं की पाणी तिप्पट लागत नाही, हे साधं गणित चुकलं.

आता तीन पसरट जाड बुडाचे टोप, प्रत्येकी एक किलोचे. एक टोप पोरांच्या ड्रमला, दोन माळकऱ्यांच्या ड्रमला. हो, दुसरा ड्रम करावा लागला. मामांनी स्पष्ट सांगितलं: कोंबडीचा ड्रम बांधाच्या पलीकडं, आणि डाव, पळी, चिमटा, सगळं वेगळं. डावांना लाल आणि हिरवी चिंधी बांधली.

एका किलोचं अंतिम माप इथं लिहून ठेवतो, नंतर कुणी विचारलं तर: कांदा अर्धा किलो, टोमॅटो किलोभर आटवून, काकवी तीनशे ग्रॅम (त्यातली शंभर गडद केलेली), मोहरी तीन चमचे फेसून, लिंबाएवढी चिंच, तूप शंभर ग्रॅम, ब्याडगी सहा, कांदा-लसूण मसाला एक चमचा, मीठ भिजवणीतलं धरून. घेवड्याचं शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, लागेल तसं परत घालायचं.

२५ जानेवारी, शनिवार (देऊर, रात्र)

घेवडा काल रात्री भिजवला, दुपारी चुलीवर दोन पातेल्यांत शिजवला. मामी प्रत्येक पातेल्यातून पाच दाणे काढून बोटात चेपत होत्या. एक जरी अडला तरी "अजून". माझ्या उलटीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आहे, हे उघड होतं.

साडेआठला तिन्ही टोप झाकण ठेवून चढवले. ड्रममध्ये एकशे तीस अंश. टोपात थर्मोकपल सोडलं: दहा वाजता ९४, हलकी गुडगुड. झाकण असलं की पाणी ८२ वर अडकत नाही. दर दीड तासानं बाभळीचे कोळसे.

मामा उपासाचे, भगर खाऊन बसलेले, शेकोटीशी. थंडी मरणाची. अकरा वाजता वास उठला, काकवी आणि कांदा. ते म्हणाले, "पाहुणं, उपासाच्या माणसाला हा छळ कशाला?" मग बारा वाजून गेल्यावर विचारलं, "आता बारस लागली का?" मी म्हटलं, मामा, सूर्योदय. ते हसले आणि घोंगडी ओढून तिथंच झोपले.

तीन वाजता माळकऱ्यांच्या ड्रमच्या झाकणाची मधली बिजागरी सैल झाली. तापून तापून स्क्रू ढिला. फटीतून हवा शिरून कोळसा एकदम फुलला, डायल १७० वर. टोपाच्या बुडाला धरलं असणार असं वाटून पोटात गोळा आला. टोप उचलले, ढवळलं नाही. ढवळलं असतं तर खालचं करपलेलं सगळ्यात मिसळलं असतं. वरचा घेवडा हळूच दुसऱ्या भांड्यात काढला. एका टोपाच्या तळाशी बोटभर करपलं होतं, तेवढं गेलं. बिजागरीला तार गुंडाळली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी साडेनऊला झाकणं काढली. आंब्याच्या ढलप्या, निळा धूर, दीड तास. थर दोनदा मोडला. शेवटची मोहरी अकराला. पोरांचा टोप कोंबडीच्या जाळीखाली गेला, आणि मेहुण्यानं तो नंतर खरंच उकळला, मी उभं राहून बघितलं.

मामांचं सकाळचं पारणं दूध-भातावर झालं होतं, हे जेवण साडेबाराला. माळकरी मंडळी पंगतीला. एका म्हाताऱ्या बाबांनी वाढपी पोराला अडवलं, "ह्यात गूळ हाय का?" काकवी आहे म्हटल्यावर, "मग वाढ, कडंला न्हवं, मध्यात वाढ." भाकरीबरोबर खाल्लं सगळ्यांनी. पाव आणले होते ते पोरांनी संपवले. दोन-तीन ताटांत घेवडा तसाच राहिला, गोड म्हणून. मेहुण्याचे पुण्याचे दोस्त विचारत होते, सॉस कुठल्या कंपनीचा. त्यांना मामींकडं पाठवलं.

मामांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मामी त्यांच्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

उरलेला किलोभर घेवडा आज मामींनी पातेल्यात ओतला, तांब्याभर पाणी घातलं, लसणाची फोडणी दिली, खोबरं वाटून लावलं. आमटी. चव विचारू नका. मी वही काढून माप विचारायला लागलो तर म्हणाल्या, "काल तुमचा घेवडा होता, आज माझा हाय. लिहायचं न्हाय."

बाकी: बिजागऱ्या बदलणे, स्क्रूऐवजी वेल्ड. मातीचं गाडगं एक शिल्लक. काकवी दीड किलो. घेवडा पाच किलोच्या आसपास, त्यातला दोन किलो मामांनी बियाण्याला बाजूला काढला.